दिवसाढवळ्या उतरणारे सेल

माझ्या सासूबाई वजनकाट्यावर बसतात. शहराबाहेर खडीचे आणि भंगाराचे ट्रक जिथे वळतात, तिथे जमिनीत एक लांबलचक लोखंडी फलाट बसवलेला आहे. ट्रक त्याच्यावर उभा राहतो आणि बाजूच्या खोलीत, काचेमागे बसून सासूबाई वजन घेतात. आधी भरलेल्या गाडीचं, मग रिकाम्या गाडीचं. मधला फरक तो माल. ऐकायला सरळ काम आहे, पण लोक त्यात काय काय उद्योग करतात ते त्यांच्या तोंडूनच ऐकावं. भरलेल्या गाडीत क्लीनर सीटखाली पडून राहतो आणि गाडी रिकामी होऊन आली की मजेत चहा प्यायला जातो. कोणी वाळूवर पाणी मारून आणतं. कोणी मागचं एक चाक फलाटाच्या बाहेर ठेवतं आणि आभाळाकडे बघत शीळ घालतं. सासूबाई खिडकीतून एकच वाक्य टाकतात, "सगळे खाली उतरा, दारं उघडी ठेवा, इंजिन बंद." ड्रायव्हर त्यांना तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे फौजदार.

आता असं काम करणारं माणूस घरी आल्यावर वेगळं कुठून होणार? फळवाल्याने वर मांडलेलं फळ त्यांनी आजवर घेतलेलं नाही, हात थेट तळाशी जातो. एखादा दुकानदार म्हणाला, "विश्वास ठेवा हो," की त्यांचं उत्तर ठरलेलं, "ठेवायला घरात जागा नाही. माल दाखवा." माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्याकडे येऊन बसल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हे झालं. खोट काय आहे ते सांगा." आई बिचारी इतकी गांगरली की मी घोरते हे तिने सांगून टाकलं. सासूबाईंनी मान हलवली. पुढे मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईने पहिल्या फटक्यात खरं सांगितलं, म्हणून मी हो म्हटलं."

माझे सासरे म्हणजे दुसरं टोक. ते रफू करतात. पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसकं स्टूल, मांडीवर कोणाचातरी कोट किंवा शाल, शेजारी दोऱ्यांची पेटी. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ते उपसतात आणि भोकाच्या जागी एक एक विणत बसतात. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला सापडत नाही, आणि गिऱ्हाइकाला सापडलं नाही की ते गालातल्या गालात हसतात. सगळ्या गल्लीचे ते रफूवाले काका. उधारीवर, थापांवर, पुढच्या आठवड्याच्या वायद्यांवर त्यांचा सारखाच विश्वास. सासूबाई म्हणायच्या, "देवाने आम्हा दोघांत मिळून एकच संशय दिला आणि तो सगळा माझ्या वाट्याला आला."

मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. सासू-सासऱ्यांना मी आई-बाबाच म्हणते. बाबांकडे येणारं निम्मं काम आमच्याच दुकानातून येतं. माझा नवरा एका गोदामात माल लावतो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला एकही खिडकी नाही. दिवे गेले की तो जिना म्हणजे विहीर. आणि आमच्याकडे दिवे वारंवार जातात. म्हणून दाराजवळच्या खिळ्याला एक टॉर्च कायम टांगलेला असतो.

त्या संध्याकाळी वारा सुटला आणि दिवे गेले. "आपलंच गेलंय की सगळ्या गल्लीचं, बघून येतो," म्हणत बाबा टॉर्च घेऊन खाली निघाले. थोड्या वेळाने धडपडल्याचा आवाज आला. आई आणि मी भिंतीला धरून उतरलो तर बाबा मधल्या मजल्याच्या वळणावर घोटा धरून बसलेले. टॉर्च दोन पायऱ्या खाली पडला होता, त्याचा पिवळट उजेड भिंतीवर सांडला होता.

"टॉर्चने दगा दिला," बाबा म्हणाले. "ऐन वेळी मंद झाला. पायरी दिसलीच नाही."

आईंनी त्यांना वर आणलं, घोटा बांधला, पाय उशीवर ठेवला आणि मगच टॉर्च उघडला. आतून दोन चार्जिंगचे पेन्सिल सेल निघाले, चकचकीत, त्यावर भलामोठा आकडा छापलेला.

"हे कोणी आणले?"

नवरा नुकताच कामावरून आला होता. तो बुटांची नाडी सोडत खाली बघत राहिला. "गोदामाबाहेर एक जण विकत होता. आकडा बघ ना आई किती मोठाय. दुप्पट चालतात म्हणाला."

"म्हणाला," आई म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी ओट्यावरचा छोटा काटा पुसला आणि एक सेल त्यावर ठेवला. मग काट्याच्या ऑफिसातल्या टॉर्चमधून आणलेला एक जुना, बिनआकड्याचा सेल ठेवला. जुना सेल जवळजवळ दुप्पट जड भरला.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "आकडा मोठा आणि अंगात काही नाही. पोत्यावर साखर छापायची आणि आत भुसा भरायचा. माझ्यासमोरून असली पोती रोज जातात, आणि माझ्या घरात माझ्या मुलाने आणून ठेवली!"

त्याच दिवशी त्या मला घेऊन विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या. पिशवीत ओट्यावरचा काटा होता. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलणं संथ.

"टॉर्चसाठी चार्जिंगचे सेल हवेत," आई म्हणाल्या.

"रोज वापरायचे की अडीअडचणीला?"

आईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "का? त्याने भाव बदलतो?"

"सेल बदलतो. काही सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात. आज भरून ठेवले आणि काही महिन्यांनी दिवे गेले, की मेलेले. अडचणीला तसले उपयोगाचे नाहीत. तुम्हाला पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे हवेत." त्याने मागच्या फळीवरून एक पाकीट काढलं. "हे घ्या."

आईंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "याच्यावर आकडा कमी आहे."

"आकडा कोणालाही छापता येतो मावशी. एवढ्याशा सेलमध्ये मावायचा तेवढाच चार्ज मावतो. त्याहून फार मोठा आकडा दिसला की समजायचं, थाप आहे."

आईंनी पिशवीतून काटा काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, काट्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, आणि पाकीट फोडून एक सेल काट्यावर ठेवला. वजन जुन्या सेलच्या वर भरलं.

"पेन्सिल सेलचाच टॉर्च ठेवा," तो पुढे सांगत राहिला. "चार दिवस वीजच आली नाही तर चार्ज कुठे करणार? मग कोपऱ्यावरून साधे सेल आणून टाकता येतात. आणि जुना-नवा एकत्र घालू नका, जुना नव्याला खातो. चार्जर असा घ्या की प्रत्येक सेलचा दिवा वेगळा लागतो. कोणता आजारी आहे ते कळतं."

"मोठ्या आकड्याचे का नाही विकत मला? त्यात तुमचा फायदा जास्त असेल."

"तुम्ही परत आणून द्याल," तो म्हणाला.

आम्ही सेल आणि चार्जर घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यावर आई थांबल्या. मग म्हणाल्या, "फारच खरं बोलतोय. सांभाळून राहायला हवं."

घरी येऊन त्यांनी प्रत्येक सेलच्या बुडाशी नखांना लावायच्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कोणी बदलू नये. सेल भरले, टॉर्चमध्ये घातले, टॉर्च खिळ्याला टांगला आणि जाहीर केलं, "दिवे गेल्याशिवाय याला कोणी हात लावायचा नाही. चार्जर माझ्या कपाटात राहील." बाबा खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. "बरं," म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी आई टॉर्च घेऊन न्हाणीघरात जायच्या, दार लावून घ्यायच्या आणि भिंतीवर उजेड टाकून बघायच्या. पहिल्या वेळी लख्ख होता. दुसऱ्या वेळी त्या बाहेर आल्या त्या ओठ आवळूनच. "मंद झालाय."

मधल्या काळात दिवे एकदाही गेले नव्हते.

आम्ही पुन्हा दुकानात. आईंचा आवाज मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तुम्ही म्हणाला होतात, पडून उतरत नाहीत."

दुकानदाराने सेल काढले, ठिपके बघून गालात हसला, आपल्या चार्जरवर लावले आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच सेल परत दिले. "मी भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा भरून बघितले. सेल चांगले आहेत मावशी. कोणीतरी वापरतंय."

कोणीतरी वापरतंय. हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो आणि त्याने आमच्या घरात पाय पसरले.

पहिला संशय माझ्यावर. आई सरळ विचारणाऱ्यातल्या नाहीत, काट्यावर नुसतं विचारून कोण कबूल करतं? संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "तुला अंधाराची भीती वाटते का गं?"

"नाही आई."

"वाटली तर वाईट काही नाही. माझी बहीण दिवा लावूनच झोपायची."

"मला नाही वाटत आई."

"बरं," म्हणाल्या, पण माझ्याकडे बघत राहिल्या. मला घाम फुटला. न केलेल्या गोष्टीचा घाम केलेल्यापेक्षा जास्त येतो, आणि तो बघून त्यांची खात्री पटत चाललेली मला दिसत होती.

नवऱ्याची पाळी आली तेव्हा तो चिडला. "मी काय करू टॉर्चचं? गोदामात दिवे आहेत!" मग खोलीत येऊन मलाच हळूच म्हणाला, "खरं सांग, तू घेतेस का? मी आईला नाही सांगणार." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आणि त्या दोन दिवसांत माझ्याच डोक्यात भलतं शिरलं. आई स्वतःच तर उतरवत नसतील ना? मला पकडायला? न्हाणीघराचं दार लावून त्या आत किती वेळ असतात ते मी बघायला लागले. एकदा त्यांनी मला तसं बघताना बघितलं. घरात चौघं जण आणि दाराशी खिळ्याला टांगलेला टॉर्च, आणि येता-जाता प्रत्येक जण त्याच्याकडे चोरून बघतोय, असं सुरू झालं. बाबा मात्र बघत नव्हते. ते आपलं खिडकीशी, मान खाली.

त्याच सुमाराला आमच्या दुकानात एक बाई तपकिरी कोट घेऊन आल्या. कोपराशी रफू होतं, आणि ते दिसत होतं. दुरून नाही, पण जवळून एक बारीक चौकट उमटलेली दिसत होती. बाबांच्या हातचं काम असं कधी दिसलं नव्हतं. बाई गेल्यावर मालकांनी मला बाजूला घेतलं. "तुझे सासरे हल्ली काम बाहेर कोणाला देतात का? स्पष्ट सांग. त्यांच्या नावावर मी घेतो, आणि हे त्यांच्या हातचं नाही."

"नाही हो, मी बघते ना रोज. तेच करतात."

"रोज तू इथे असतेस," मालक म्हणाले.

ते खरं होतं. दिवसा घरी बाबा एकटेच असायचे. पण त्यावरून मी मालकांवरच चिडले, की काम कमी करायचं असेल म्हणून खुसपट काढतायत. बाबांना कोटाचं काही सांगितलं नाही, आईंनाही नाही.

इकडे आईंनी पुढची चाल केली. बाबा तयार कपडे पोचवायला बाहेर गेले असताना त्यांनी दोऱ्यांच्या पेटीतून गडद निळा दोरा घेतला आणि टॉर्चच्या बटणावरून असा गुंडाळला की दोरा सोडल्याशिवाय बटण सरकू नये. वर पोत्याला मारतात तशी गाठ. हे फक्त मला सांगितलं. का, ते मला कळलं नाही. आता वाटतं, तोही एक सापळाच असेल. मला माहीत असताना टॉर्च मंद झाला नाही तर मीच.

काही दिवस गेले. माझी अर्धी सुट्टी होती त्या दुपारी आई लवकर घरी आल्या. बाबा बाहेर होते. आईंनी खिळ्यावरून टॉर्च काढला. दोरा जागच्या जागी. मग दोऱ्याला धक्का न लावता मागचं झाकण उघडून सेल चार्जरवर लावून बघितले, तर दोन्ही उतरलेले.

आईंचा चेहरा उजळला. "दुकानदार!" म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं की नाही? दोऱ्याला हात लागलेला नाही, आणि सेल उतरलेत! चल."

खोटं कशाला बोला, मलाही हायसं वाटलं. आम्ही जवळजवळ धावतच निघालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, आई त्यांच्या मधून घुसल्या आणि टॉर्च काउंटरवर पांढऱ्या ट्यूबखाली ठेवला. "हा बघा दोरा. मी स्वतः बांधलेला. कोणी हात लावलेला ना..."

आणि थांबल्या.

त्यांनी टॉर्च उचलून ट्यूबच्या आणखी जवळ धरला. "माझा चष्मा दे गं." मी पिशवीतून चष्मा दिला. त्या कितीतरी वेळ त्या दोऱ्याकडे बघत होत्या. दुकानदार काउंटरवरून पुढे वाकला.

"काय झालं मावशी?"

"काही नाही," आई म्हणाल्या. "सेल चांगले आहेत तुमचे."

बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "हा दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

मी बघितलं. घरातल्या दिव्यात तो काळपट वाटला होता. "हिरवा. गडद हिरवा."

"मी निळा बांधला होता."

"म्हणजे कोणीतरी सोडला आणि दुसरा बांधला."

"कोणीतरी नाही. गाठ दाखव मला यातली." मी टॉर्च फिरवून फिरवून बघितला. गाठच नव्हती. दोऱ्याची टोकं दोऱ्यातच विणून गडप केलेली होती. "या गल्लीत असं करणारा एकच माणूस आहे," आई म्हणाल्या.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की सुटले. मी तसं काही बोलणार तेवढ्यात त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्या फुटपाथवर लोकांच्या वाटेत उभ्या होत्या आणि टॉर्च छातीशी धरला होता.

"चोरून वापरला त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण यांनी निळ्याच्या जागी हिरवा लावला. यांनी!"

तेव्हा मला तपकिरी कोट आठवला. तिथेच, रस्त्यात, मी त्यांना तो सांगितला.

त्या दिवशी घरी त्या काही बोलल्या नाहीत. सेल भरून टॉर्च पुन्हा टांगला, दोरा न बांधता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मला दुकानात फोन आला, "मी काट्यावर बदली माणूस बसवलाय. घरी ये. जिन्यात चप्पल वाजवू नकोस."

गिऱ्हाइकं येतात म्हणून बाबा दार अर्धवट उघडंच ठेवतात. आम्ही उंबऱ्यातून बघितलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, खिडकीतून उजेडाचा मोठा चौकोन बाबांच्या अंगावर पडला होता. आणि त्या उजेडात बसून त्यांनी टॉर्च लावलेला होता. मांडीवरच्या शालीच्या खाली गुडघ्यात धरला होता, शाल आतून उजळली होती, आणि चेहरा इतका खाली नेला होता की नाक कापडाला टेकत होतं. सुई भोकाच्या कडेशी जायची, चुकायची, परत यायची. एकदा बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि पुन्हा सुरू केलं.

आई आत गेल्या. "अहो."

बाबांनी आधी टॉर्च विझवला, मग वर बघितलं. "लवकर आलीस?"

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं की." ते हसले. "हल्ली दिवसाचा उजेडच जरा कमी असतो."

आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी दाराशीच राहिले. "दिवा का नाही लावलात? टॉर्च कशाला?"

"दिवसा दिवा लावला तर समोरच्या इमारतीतून दिसतं. सगळे विचारतील. आणि वरून उजेड आला की डोळ्यांसमोर नुसतं धुकं होतं. खालून धरला की विरलेली जागा तेवढी चमकते, मग जमतं."

"नवीन टॉर्च आणायचा होता तुमच्यासाठी."

"तू कशाला म्हणून विचारलं असतंस."

आईंनी शालीचं टोक हातात धरलं. "त्या दिवशी जिन्यात," त्या म्हणाल्या, "टॉर्च मंद नव्हता."

"होता थोडा. पण पायरी लख्ख उजेडातही दिसली नसती." बाबांनी सुई शालीत टोचून ठेवली. "डॉक्टरकडे गेलो की तो म्हणणार, काम बंद करा. मग मी इथे बसून काय करू? रस्ता बघू? तोही नीट दिसत नाही."

"मी सुनेवर संशय घेतला," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "मुलावर घेतला. त्या भल्या दुकानदारावर तर तीनदा घेतला. या घरात एका माणसावर मी आयुष्यात संशय घेतला नाही, आणि त्यानेच..."

"म्हणून तर जमलं," बाबा म्हणाले.

आईंनी शाल त्यांच्या मांडीवरून ओढून घेतली. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्या शालीची घडी घालत राहिल्या, नको तितकी लहान, आणि त्यांचं नाक लाल झालं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि मुद्दाम उशीर लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आईंनी त्यांना स्वतः नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनने तो जाईल. पण डाव्या डोळ्यात आतला दाब वाढलेला आहे, बरेच दिवस, आणि त्याने जे गेलं ते परत यायचं नाही. राहिलेलं टिकवायला थेंब घालावे लागतील, कायमचे.

आई उठून उभ्या राहिल्या. "मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारणार."

"जरूर विचारा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांनीही. बाहेर बाकावर बसून आई मला म्हणाल्या, "तिघं मिळून खोटं बोलायचं कारण नाही ना काही?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी लबाड निघावं असं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. उजवा डोळा चांगला आला. डाव्या डोळ्याने बाबांना समोरचं दिसतं, पण कडेचं नाही. कोणी डावीकडून आलं की दचकतात. गल्लीत सगळ्यांना ते आता माहीत आहे, म्हणून लोक उजवीकडून येतात आणि आल्या आल्या बोलतात. थेंब आई घालतात. बाबा दर वेळी म्हणतात, "पडला, पडला डोळ्यात," आणि आई म्हणतात, "गालावर पडलाय, मी बघितलंय, वर बघा."

बारीक रफू मात्र सुटलं. जाड लोकर, कोपरे, बटणं, अस्तरं एवढं ते करतात. आमच्या मालकांना मी सगळं सांगितल्यावर ते स्वतः घरी आले, बाबांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ नुसते हवापाण्याचं बोलले. जाताना म्हणाले, "कोणाला तरी शिकवा काका. शाली येतायत, परत पाठवाव्या लागतात."

बाबांनी मला शिकवायचं ठरवलं. मी आठ-दहा दिवस प्रयत्न केला. ते माझ्या कामावरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे घाई केलीस. इथे दोन धागे एकदम उचललेस." नजर अधू झाल्याने बोटं शहाणी झाली होती असं काही नाही. माझं काम होतंच तसं, मलाही दिसत होतं. एकदा मी वैतागून उठले तेव्हा नवरा तिथेच पेपर वाचत बसला होता. "दे बघू," म्हणाला, असंच, गंमत म्हणून. आणि सुई घेऊन बसला तो चहा गार झाला तरी उठला नाही.

बाबांनी ते कापड हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, उजव्या डोळ्याजवळ नेलं. मग आईंना हाक मारली. आई ओट्याशी होत्या, हात पुसत आल्या.

"हे बघ. कोणी केलं असेल?"

आईंनी बघितलं. आधी कापडाकडे, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. "याने? कुठून विकत तर नाही ना आणलं?"

"आई!" नवरा म्हणाला.

"समोर करून दाखव," आई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्याच्यापुढे बसल्या. आता सुट्टीच्या दिवशी दोघं बापलेक खिडकीशी बसतात. दुपारी खिडकीतून ऊन येतं, आणि जिथे बाबांची नजर पोचत नाही तिथे कोणता धागा उचलायचा ते त्यांना सांगताना नवरा इतका हळू बोलतो की मला आतल्या खोलीत ऐकू येत नाही.